धन आणि धन्यता



वर्तकनगरात जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. घराचे मोल वाढले, म्हणून माणसाचे वाढले काय? द्रव्य निंद्य नव्हे. त्याचा विनियोग कसा होतो, हे पाहावयाचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ते सोने पेटीत राहते, तर आज कोणास आठवते?

आमच्या शिष्यवृत्तीनिधीचे दार केवळ ज्ञातीच्या मुलांस उघडे आहे. शेजारची होतकरू मुलगी परज्ञातीची म्हणून विन्मुख जाते. यापुढे निम्मा निधी कोणत्याही ज्ञातीच्या गरजू विद्यार्थ्यांस द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्ञातीचे भूषण त्यातच आहे.