मिरचीच्या मुळाशी राबणारे मित्र



मिरचीची रोपे कोलमडली, की हंगामच हातचा जातो. या रोगाच्या बुरशीला मातीतच अटकाव करणारी मित्रबुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. १ किलो बियाण्यास ती ५ ग्रॅम चोळावी, कुजलेल्या शेणखतातूनही द्यावी. रासायनिक बुरशीनाशकात मात्र मिसळू नये.

टोमॅटो, वांगी, बटाटा ही मिरचीचीच भावंडे. त्यांच्या बेवडावर मिरची घेतल्यास रोगास आयते घर मिळते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याची ज्वारी-बाजरी येथे उपयोगी पडते. तिच्या मुळांवर मायकोरायझा ही दुसरी मित्रबुरशी पोसली जाते आणि पुढे मिरचीस स्फुरद पोचविते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले ज्योती’ हे वाण दिले. त्याला साजेशी माती राखणे आपल्याच हाती आहे.