एकच रिसेप्टर, अवयवागणिक वेगळा

जून २०१३मध्ये केंद्र सरकारने पायोग्लिटाझोन या मधुमेहावरच्या औषधाची विक्री थांबवली आणि पुढच्याच महिन्यात, मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा ठळक छापण्याच्या अटीवर, ती पुन्हा खुली केली. वरवर पाहता ही धरसोड वाटते, पण शंका शास्त्राला धरूनच होती. ही गोळी साखरेवर थेट काम करत नाही. ती पेशीच्या केंद्रकातल्या ‘पीपार-गॅमा’ या न्यूक्लिअर रिसेप्टरला चालना देते. माणसात असे ४८ रिसेप्टर आहेत. हार्मोन, जीवनसत्त्व किंवा स्निग्धाम्ल चिकटलं की यांतले बरेचसे डीएनएवरून जनुकांचं काम वाढवतात किंवा रोखतात. पीपार-गॅमा जागा झाला की यकृतात आणि स्नायूंत साचणारी चरबी त्वचेखालच्या चरबीपेशींत जाते आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देऊ लागतं. पण हाच रिसेप्टर मूत्रपिंडात पाणी धरून ठेवायला लावतो, आणि हाडाच्या मगजात नव्या पेशींना हाडाऐवजी चरबीकडे वळवतो. म्हणून पायांना सूज येते, हाडं मोडण्याचा धोका वाढतो. औषध तेच, रिसेप्टरही तोच. प्रत्येक अवयवातली त्याची साथीदार प्रथिनं मात्र निराळी, आणि उघडी असलेली जनुकंही निराळी.

कर्करोगात याचा पुरावा अधिक स्वच्छ दिसतो. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनात इस्ट्रोजेनच्या अशाच न्यूक्लिअर रिसेप्टरला अडवतं, गर्भाशयाच्या अस्तरात मात्र त्यालाच थोडं उत्तेजन देतं आणि तिथल्या कर्करोगाचा धोका वाढवतं. मग असली औषधं हवीतच कशाला, असं कुणी म्हणेल. पण हा रिसेप्टर असलेल्या गाठींवर पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्यापुढे तो धोका फार लहान आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात पायोग्लिटाझोन आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचं नातं ठामपणे सिद्ध झालं नाही. खरं आहे, पण धोका नाही असंही त्यातून ठरलं नाही. अशा वेळी बंदीपेक्षा इशारा बरा, आणि तो नेमक्या रुग्णासाठी हवा. तेव्हा पायोग्लिटाझोनची गोळी परस्पर बंद करू नका. हृदय कमजोर असेल, पूर्वी मूत्राशयाचा कर्करोग झाला असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर तिने तपासणी लांबवू नये.