निरुपयोगी फोमचा पुनरुपयोग



मेण तापविले की वितळते आणि निवाल्यावर पुन्हा घट्ट होते. मातीचे मडके मात्र एकदा भाजले की त्याचा पुन्हा चिखल होत नाही. प्लॅस्टिकांतही असेच दोन वर्ग आहेत. बादली पहिल्या वर्गातील. गादी-उशीतील फोम दुसऱ्या वर्गातील होय.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. या द्रव्याचा शोध जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. फोम तयार होताना कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांनी तो फुगतो आणि रेणूंच्या साखळ्या आडव्या बंधांनी परस्परांशी जखडल्या जातात. म्हणूनच तो टिकतो; आणि म्हणूनच निकामी झाल्यावर केवळ वितळवून त्याची दुसरी वस्तू करता येत नाही.

असा कचरा पेटवून देणे सर्वथा त्याज्य आहे. जळत्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे प्राणघातक वायू निघतात. शाळेच्या आवारात तरी असे कदापि घडू देऊ नये.

फोमचे तुकडे चिकट द्रव्याने सांधून गालिच्याखालील अस्तर करण्याची रीत जुनी आहे. त्याचा चुरा दुसऱ्या प्लॅस्टिकमध्येही मिसळता येतो. परंतु न वितळणारे कण पिठातील खड्यांप्रमाणे अलग राहिले, तर मिश्रण कमकुवत होते.

या अडचणीवर अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न व मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० साली एक उपाय प्रसिद्ध केला. फेर धरलेल्या मुलांनी एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा, तसे उत्प्रेरकाच्या साहाय्याने व उष्णतेने रेणूंचे बंध आपले जोडीदार बदलू लागतात. त्यामुळे जखडलेला पदार्थही वाहू शकतो. फोममधील हवा तेवढी अडून राहते व नव्या वस्तूस तडे पाडते. म्हणून जुळ्या मळसूत्रांच्या यंत्रात तो मळून, हवा काढून, एकजीव केला जातो. त्यातून भरीव, उपयुक्त प्लॅस्टिक मिळते.

परंतु कोणतीही रीत उपयोगी पडावयाची, तर फोम स्वच्छ, कोरडा व अन्य कचऱ्यापासून अलग मिळाला पाहिजे. हे काम यंत्राचे नसून सवयीचे आहे. शिक्षकांनी मेण व मडके वर्गात दाखवून हा भेद समजावून द्यावा आणि फाटक्या गादीतील फोम निराळा ठेवण्याची सवय मुलांस लावावी.