लिनक्सला म्हणे काही होत नाही!

बीटेकच्या पहिल्या वर्षापासून एक वाक्य ऐकत आलोय, "लिनक्स टाक, व्हायरसचं टेन्शन संपलं." यात थोडं तथ्य आहे बरं का. साध्या युजरला रूटच्या फाइलींमध्ये बदल करता येत नाही. सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून येतं. पण ही परवानग्यांची भिंत कर्नल सांभाळतो. कर्नलमध्येच चूक असली तर?

आणि "मी कुठे लिनक्स वापरतो" असं म्हणू नका. तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर तो लिनक्स कर्नलवरच चालतो.

एक खरी केस सांगतो. माक्स केलरमान नावाच्या डेव्हलपरकडे २०२१ च्या एप्रिलमध्ये तक्रार आली की सर्व्हरची एक लॉग फाइल उघडतच नाहीये. फाइल दुरुस्त केली, विषय मिटला. पण महिन्यांमागून महिने तसंच होत राहिलं. दरवेळी फाइलीच्या शेवटचे फक्त ८ बाइट बिघडलेले, आणि बहुतेकदा महिन्याच्या शेवटच्या दिवसाचीच फाइल. पठ्ठ्यानं पिच्छा सोडला नाही. खणत खणत तो थेट कर्नलपर्यंत पोचला.

झालं असं होतं. आपण फाइल वाचतो तेव्हा कर्नल तिची प्रत मेमरीत ठेवतो. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे डेटा न्यायला पाइप असतो, आणि वेळ वाचावा म्हणून कर्नल त्या पाइपला मेमरीतली तीच प्रत जोडून देतो. तिथे एक फ्लॅग कोरा करायचा राहून गेला होता. त्यामुळे पाइपमध्ये नंतर लिहिलेलं त्या प्रतीवरच लिहिलं जायचं. फाइल रीड-ओन्ली असली तरी! म्हणजे साधा युजर पासवर्डची फाइल बदलून रूट होऊ शकत होता. हीच ती 'डर्टी पाइप'.

ही चूक कर्नल ५.८ पासून, म्हणजे २०२० पासून, धोकादायक झाली होती, आणि तीही सगळ्यांसमोर उघड्या कोडमध्ये. "ओपन सोर्स आहे, हजारो लोक बघतात" हे मला म्हणूनच पटत नाही. बघू शकतात, एवढंच. बघितलंच असेल असं नाही.

केलरमाननं २० फेब्रुवारी २०२२ ला कर्नलवाल्यांना कळवलं, आणि तीन दिवसांत दुरुस्त कर्नल बाहेर आला. कौतुकच आहे! त्यानं पिक्सेल ६ वरही हे करून पाहिलं होतं. गूगलनं दुसऱ्याच दिवशी अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये दुरुस्ती घेतली. पण कोडमध्ये दुरुस्ती येणं वेगळं आणि ती लोकांच्या हातातल्या फोनपर्यंत पोचणं वेगळं. त्याला आणखी कित्येक आठवडे लागले.

परवा आईचा फोन तपासला. सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन. कर्नल ४.१४. गंमत म्हणजे डर्टी पाइप त्याला लागूच नाही, कारण इतक्या जुन्या कर्नलमध्ये ती चूक धोकादायक झालेलीच नव्हती! पण त्याच स्क्रीनवर सिक्युरिटी अपडेटची तारीख तीन वर्षांपूर्वीची. त्यानंतर सापडलेल्या बऱ्याच त्रुटी तिच्या फोनमध्ये तशाच उघड्या, आणि कंपनीनं सपोर्ट बंद केलाय. भाजीवाल्यापासून गॅसच्या बिलापर्यंत तिचं सगळं यूपीआय त्यावरच. ती म्हणते, "अरे, फोन चांगला चालतोय की!"

चालतोय, खरंय. तिची यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स मी तूर्त बाबांच्या फोनवर हलवलीत. त्यावरून घरात रोज भांडण होतंय, ते वेगळं. तुम्हीही एपिसोड संपला की घरातल्या सगळ्या फोनवरची ती तारीख बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात.