बेळगाव, बेलगाम आणि मावशीच्या कुंद्याचं पान

(हरणी, वडोदरा इथं सीमाभागातून शिकायला आणि नोकरीला आलेल्या मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललेलं तसंच ठेवलंय, फार थोडं नीट केलंय.)



आधीच सांगते, मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. कॉम्प्युटरवाली नव्हे. "वेबसाइट गुगलवर वर कशी आणायची यावर बोल" असं मला सांगितलं तेव्हा हसू आलं, कारण या विषयात माझी लायकी एवढीच की मी एक पान आधी बिघडवलं आणि मग दुरुस्त केलं. ते पान माझ्या मावशीचं. मावशी इथंच हरणीत राहते, मूळची आपल्या शहापूरची. ती कुंदा करते. दूध तासन् तास आटवायचं, खवा, साखर, आणि तो तपकिरी रंग येईपर्यंत कढईसमोरून हलायचं नाही. बडोद्यात मिठाईला तोटा नाही, पण हा कुंदा कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून गेल्या वर्षी तिनं मोठी कढई घेतली, मदतीला एक बाई ठेवली, आणि मावसभावानं सुट्टीत वेबसाइट करून दिली.

सात महिने झाले तरी ओळखीपलीकडची एकसुद्धा ऑर्डर आली नाही. शेवटी मदतीच्या बाईंना "पुढच्या महिन्यापासून येऊ नका" म्हणून सांगायची पाळी आली. मावशीचं मत झालं की गुजराती लोकांना कुंदा आवडत नाही. मी तेव्हा नुकतीच तिच्याकडे राहायला आले होते. म्हटलं, बघू तरी.

आता तुम्हीही बघा. कॉम्प्युटरवर कुठलंही पान उघडून कंट्रोल आणि यू दाबलं की पानामागचा मजकूर दिसतो. सुरुवातीला 'हेड' नावाचा भाग असतो. तो वाचणाऱ्या माणसासाठी नसतो, ब्राउझर आणि सर्च इंजिनसाठी असतो. त्यातल्या ओळींना मेटा टॅग म्हणतात. पानावर काय आहे हे पानाबद्दल सांगणाऱ्या ओळी. मावशीच्या पानावर दोन गोष्टी सापडल्या. टायटलमध्ये लिहिलं होतं 'होम'. आणि त्याखाली एका ओळीत 'नोइंडेक्स'.

नोइंडेक्स म्हणजे सर्च इंजिनला सांगणं की हे पान तुझ्या यादीत घेऊ नकोस. साइट बांधताना अर्धवट पान लोकांना दिसू नये म्हणून तो घालतात. वर्डप्रेसमध्ये तर सेटिंगमध्ये नुसती एक टिकमार्क असते. मावसभावानं ती केली आणि काढायची विसरला. म्हणजे सात महिने दुकानाचं शटर वर, दिवा चालू, आणि बाहेर पाटी 'आत येऊ नये'. मावशीला हे समजावून सांगितलं तेव्हा ती मावसभावाला काही बोलली नाही. मला म्हणाली, "मग त्या बाईला मी उगीचच नको म्हटलं की गं."

तेव्हा तुमच्यापैकी ज्याची कुणाची साइट आहे, गावच्या वाचनालयाची, तरुण मंडळाची, काकांच्या काजू कारखान्याची, त्यानं बाकी काही करायच्या आधी हा एक शब्द शोधावा. बाकीचं नंतर.

नोइंडेक्स काढला. मग मला चेव आला. रात्री बसून व्हिडिओ बघितले आणि 'मेटा कीवर्ड्स' नावाच्या ओळीत पन्नासएक शब्द भरले. बेळगाव कुंदा, बेळगांव कुंदा, बेळगावी, बेलगाम, बडोदा, वडोदरा, बरोडा, हरणी, मिठाई, पेढा, एवढंच काय, ढोकळासुद्धा. मावशी ढोकळा करत नाही.

याचा उपयोग शून्य. १९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिन ही ओळ वाचायची. लोकांनी तिच्यात वाट्टेल ते भरलं आणि ओळीची पत गेली. गुगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर सांगितलंय की वेब शोधाचा क्रम लावताना आम्ही ही ओळ बघत नाही. तरी आजही पैसे घेऊन ती भरून देणारे लोक आहेत. आपल्याकडे जाहीरनामा कुणी वाचत नाही तसंच हे पण.

मग काय चालतं? टायटल. ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते, आणि शोधल्यावर निळ्या अक्षरात येतं ते. त्याला वजन आहे. दुसरी ओळ 'मेटा डिस्क्रिप्शन', म्हणजे निळ्या अक्षरांखालचा दोन ओळींचा मजकूर. तिच्यानं क्रमांक वर जात नाही, पण वाचणाऱ्यानं टिचकी मारायची की नाही ते तिथं ठरतं. या दोन्हींवरही आपला पूर्ण ताबा नाही बरं का. गुगलला तुमचं टायटल पटलं नाही तर ते पानावरच्या मथळ्यातून स्वतःच एक टायटल बनवतं, आणि डिस्क्रिप्शनऐवजी पानातलं भलतंच वाक्य उचलतं. म्हणून टायटलमध्ये एक आणि पानावर दुसरंच, ही चलाखी टिकत नाही.

पण टायटल लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. गावाचं नाव काय लिहायचं?

तुम्ही हसताय, पण हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकच्या दप्तरात ते बेळगावी आहे. आपल्या तोंडात बेळगाव. जुन्या पाट्यांवर अनुस्वारासकट बेळगांव. इंग्रजीत अजून निम्मं जग बेलगाम लिहितं. आणि हिंदीत 'बेलगाम' टाकून बघा एकदा. बेलगाम ट्रक, बेलगाम महागाई, बेलगाम अफसर! लगाम नसलेला तो बेलगाम. आपल्या ळ चा ल झाला की गावाचा उधळलेला घोडा होतो. 'कुंदा' टाकलं तर वेगळीच गंमत, कारण ते आपल्या आई-मावशीच्या पिढीतल्या बायकांचं नावही आहे. आणि 'हरणी' म्हणजे मराठीत हरणाची मादी. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की एखाद्या स्पेलिंगच्या फरकानं दापोलीजवळच्या हर्णै बंदराशी गाठ.

या शहराचंच बघा ना. सरकारी नाव वडोदरा. आपण मराठी माणसं बडोदेच म्हणतो. विद्यापीठाच्या नावात अजून बडोदा आहे, सयाजीरावांच्या काळात १९०८ साली निघालेल्या बँकेच्या नावातही बडोदा. इथून हाकेवर असलेल्या हरणीच्या विमानतळाचा कोड बीडीक्यू, त्यातला बीडी त्याच जुन्या नावाचा. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळाचा कोड आयएक्सजी, त्यात गावाचं नाव कुठल्याच रूपात नाही, म्हणजे तिथं तरी भांडण नाही.

मी सरळ मावशीच्या ग्राहकांना विचारलं, तुम्ही काय टाइप करता? बहुतेक गुजराती लोकांनी इंग्रजी अक्षरांतलं जुनं बेलगाम सांगितलं. दोन-चार तरुणांनी रेल्वेच्या तिकिटावर दिसतं म्हणून बेळगावी. मराठी घरांतल्यांनी बेळगाव. आता गुगलला ही सगळी एकाच गावाची नावं आहेत एवढं बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे दहा रूपं कोंबायची गरज नाही. आम्ही टायटलमध्ये 'बेळगावचा कुंदा, हरणी, वडोदरा' असं मराठीत आणि पुढे तेच थोडक्यात इंग्रजी अक्षरांत घातलं. बेळगावी हे नाव खाली 'कसं पोचायचं, कुठून आलो' या मजकुरात एकदा, वाक्यात, येतं.

यावर आपल्यातल्याच एकानं माझ्याशी वाद घातला की बेळगावी लिहिलंसच कशाला, आपणच मान्य केल्यासारखं होतं. मला तसं वाटत नाही. पाहुण्याला स्टेशनवर बोलावताना आपण स्टेशनच्या पाटीवरचंच नाव सांगतो, नाहीतर तो उतरणार कुठं? पण ठळक मथळा मात्र आपल्या तोंडातलाच असावा, हेही तितकंच खरं. हा वाद मिटलेला नाही. तो इथंच बसलाय, चहाच्या वेळी पुढे चालू करू.

आता माझी चूक सांगते.

टायटल बदलून तीन आठवडे झाले, तरी पान हळूहळूच वर सरकत होतं. मला वाटलं, हरणी या शब्दाला जास्त वजन द्यावं. लोक हरणीबद्दल काय शोधतात ते बघितलं तर 'हरणी तलाव' वर होतं. आमचं घर तलावापासून लांब नाही. मी टायटलमध्ये 'हरणी तलावाजवळ' असं घातलं आणि पानाचा मथळाही तसा केला.

गुगलचं सर्च कन्सोल म्हणून फुकट साधन आहे. कोणते शब्द टाइप केल्यावर आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, कितींनी टिचकी मारली, ते सगळं त्यात कळतं. दिसण्याचा आकडा वाढला. मी खूश. मावशीला लॅपटॉप दाखवायला घेऊन गेले. तिनं चष्मा लावला आणि आकडा सोडून डावीकडचे शब्द वाचायला लागली. हरणी तलाव बोट. हरणी तलाव मुलं. हरणी तलाव शाळा.

१८ जानेवारी २०२४ ला याच तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली होती. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. इथं राहणाऱ्यांना ती तारीख सांगावी लागत नाही. लोक तलावाचं नाव टाकत होते ते त्यासाठी. आणि त्यांच्यासमोर मध्येच कुठंतरी आमचा कुंदा येत होता, अर्धा किलोच्या दरासकट.

मावशी म्हणाली, "हे काय घातलंयस गं? काढ की ते. आत्ता काढ."

मी म्हटलं, पत्ता म्हणून घातलंय, तलाव जवळच आहे, खोटं तर नाही. ती म्हणाली, "खोटं नाही. पण तुला पत्ता म्हणून नको होता." मला उत्तर देता आलं नाही, कारण ते खरं होतं. तिच्यासमोर बसून काढलं. काढल्यावरही ते लगेच जात नाही. गुगल पान परत वाचून जाईपर्यंत जुनं टायटल दिसत राहतं. कन्सोलमधून पान पुन्हा तपासायची विनंती केली, तरी काही दिवस गेले. त्या दिवसांत मावशी रोज सकाळी विचारायची, गेलं का?

धंद्याच्या दृष्टीनंही तो मूर्खपणाच होता. दिसण्याचा आकडा वाढला, टिचक्या वाढल्या नाहीत. दुःखाची बातमी शोधणारा माणूस मिठाई कशाला उघडेल?

ऑर्डर खऱ्या कशामुळे आल्या सांगू? निम्म्या श्रेयाची धनी मेटा टॅग नव्हे, नकाशावरची नोंद. गुगलच्या नकाशावर धंदा नोंदवला, वेळ, फोन, कढईचा फोटो टाकला. दुकान छोटं असेल तर ते आधी करा. आणि टायटल स्वच्छ लिहा, डिस्क्रिप्शनमध्ये काय मिळतं, कुठं मिळतं, कधी सांगायचं ते दोन वाक्यांत. आमचं असं आहे: 'बेळगावच्या पद्धतीचा दाणेदार कुंदा, घरी केलेला. एक दिवस आधी सांगा, हरणीत घरपोच.' मदतीच्या बाई दिवाळीआधी परत आल्या.

आता आपल्याबद्दल थोडं. मी सुट्टीत सीमाभागातल्या मराठी संस्थांची पानं याच नजरेनं चाळली. नावं घेत नाही. एकीचं टायटल 'अनटायटल्ड', एकीचं 'होम पेज दोन'. एका स्मरणिकेची सुंदर पीडीएफ आहे, आत म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या आठवणी, आणि फाइलचं नाव 'स्कॅन ००१'. पीडीएफलाही आत टायटल असतं, ते भरता येतं. बरंच लिखाण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. डोळ्यांना मराठी दिसतं, पण मशीनला ती निरर्थक इंग्रजी अक्षरं असतात. बातमी म्हणून पत्रकाचा फोटो. फोटोतलं मशीन कधी वाचतं, कधी नाही, त्यावर भरवसा नको.

आणखी एक ओळ बघा, भाषेची. पानाच्या अगदी सुरुवातीला ते कुठल्या भाषेत आहे ते सांगायची जागा असते. मराठीचा कोड 'एमआर', हिंदीचा 'एचआय', कोकणीचा 'केओके'. आयत्या टेम्प्लेटमध्ये बहुधा इंग्रजी असतं, नाहीतर हिंदी. गुगल भाषा ओळखायला या ओळीवर विसंबत नाही, ते मजकूर बघून ठरवतं. त्यामुळे हिनं क्रमांक वाढणार नाही. पण अंध वाचकांसाठी पान मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हिच्यावरून आवाज निवडतं. मराठीच्या हक्कासाठी काढलेल्या पानावर भाषा हिंदी लिहिलेली मी स्वतः बघितलीय. रस्त्यावरच्या पाटीवर मराठी नाही म्हणून आपण ओरडतो, आणि ही पाटी तर आपणच लावलेली.

जाता जाता. सयाजीराव १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तिथली वाचनालयं बघितली, आणि १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरश्यांवर ती जुनी कपाटं उभी आहेत, जाऊन या एकदा. बॉर्डनच्या कामातला मोठा भाग पुस्तकांचं वर्गीकरण आणि कार्डं. कार्ड म्हणजे मेटा टॅगच. कार्डावर चुकीचं नाव पडलं तर पुस्तक कपाटात असूनही हरवलेलं.

तर मंडळी, ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी आपापल्या गावच्या संस्थेचं पान आत्ताच उघडा, कंट्रोल-यू दाबा, काय दिसतं ते मला दाखवा. नोइंडेक्स असेल तर आधी हात वर करा. आणि त्या कोपऱ्यातल्या डब्यात मावशीनं पाठवलेला कुंदा आहे. दोन किलोच आहे, मागच्यांनी पुढच्यांचा विचार करून घ्या.