औषधामागची कसोटी
(वार्षिक सभेत अपस्मार उपचार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



अपस्माराच्या, म्हणजेच फिट्सच्या रुग्णांवर उपचार करताना आम्हांस दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. नातेवाईक विचारतात, "ही गोळी सुरक्षित आहे हे कशावरून?" जीवदया मानणारे देणगीदार विचारतात, "औषधासाठी मुक्या प्राण्यांना का त्रास द्यावा?" आपल्या रुग्णालयात असे प्रयोग होत नाहीत, परंतु आपण रोज देतो त्यांपैकी बहुतेक औषधे त्याच वाटेने आली आहेत. म्हणून या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

१९३८ साली बोस्टन येथील मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन हे औषध प्रकाशात आणले. त्याचा गुण प्रथम मांजरांवरील प्रयोगांत दिसला होता. पुढे १९७५ साली अमेरिकेत शासकीय कार्यक्रम सुरू झाला आणि हजारो रसायने यूटा विद्यापीठात उंदरांवर तपासली गेली.

या तपासणीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात उंदराला रसायन देऊन ०.२ सेकंद विजेचा प्रवाह देतात, अथवा झटका आणणारे द्रव्य टोचतात, आणि झटका रोखला जातो का ते पाहतात. दुसऱ्या भागात उंदराला मिनिटास ६ फेरे घेणाऱ्या दांड्यावर ठेवतात. निरोगी उंदीर त्यावर सहज तोल सांभाळतो. एका मिनिटात तो तीनदा पडला, तर औषधाने त्याच्या मेंदूवर अनिष्ट परिणाम केला असे मानतात. निम्म्या उंदरांचे झटके रोखणारी मात्रा आणि निम्म्यांचा तोल घालविणारी मात्रा यांतील अंतर जितके मोठे, तितके औषध आशादायक.

मात्र ही कसोटी परिपूर्ण नाही. लेव्हेटिरासेटाम हे औषध निरोगी उंदरांवरील या नेहमीच्या चाचण्यांत जवळजवळ निष्प्रभ ठरले होते. ज्यांच्या मेंदूत झटक्यांची प्रवृत्ती आधीच निर्माण केली होती, अशा उंदरांत मात्र त्याचा गुण दिसला. १९९९ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि आज ते असंख्य रुग्णांचा आधार आहे. याउलट फेल्बामेट १९९३ साली तेथे मान्य झाले. पण १९९४ साली काही रुग्णांत रक्तपेशी तयार होणे थांबल्याचे आणि यकृत निकामी झाल्याचे आढळले, आणि त्याच्या वापरावर कडक मर्यादा आल्या. प्राण्यांवरील चाचण्यांनी या धोक्याची पूर्वसूचना दिली नव्हती.

म्हणूनच उंदरांनंतर माणसांवरील चाचण्या होतात, आणि त्यानंतरही दक्षता संपत नाही. अखेरची नोंद रुग्णाच्या घरीच व्हावयाची असते. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, तोल जाणे अथवा स्वभावात बदल दिसल्यास तत्काळ आम्हांस कळवावे. झटक्यांची तारीख लिहून ठेवावी. बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. अचानक थांबविल्यास झटके अधिक तीव्रतेने उलटू शकतात.

जीवदयेच्या प्रश्नाकडे आम्ही पाठ फिरवीत नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर समितीची देखरेख असते. रसेल व बर्च यांनी १९५९ साली मांडलेले तत्त्व जगभर मानले जाते: शक्य तेथे पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, वेदना घटवावी. पेशींवरील आणि संगणकावरील पद्धती पुढे येत आहेत. त्यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. तरी सगळ्या मेंदूत उसळणारा झटका आणि त्याच वेळी चालत्या जिवाचा तोल, हे दोन्ही एकत्र दाखविणारी दुसरी पुरेशी कसोटी अद्याप हाती नाही.

या मुक्या जिवांचे ऋण आपणां सर्वांवर आहे. औषध योग्य रुग्णास, योग्य मात्रेत, खंड न पडता मिळावे आणि त्याचे परिणाम डोळसपणे पाहिले जावेत, यातच त्या ऋणाची थोडी तरी फेड आहे. आपल्या देणग्यांतून गरजू रुग्णांच्या गोळ्यांत खंड पडत नाही, याबद्दल आम्ही आपले कृतज्ञ आहोत.