पायांनी वाचलेले कोल्हापूर



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा दहावीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते करवीर नगर वाचन मंदिरात आणि गेटसभांत. १८५० साली निघालेल्या त्या ग्रंथालयाने फाउंड्रीतल्या काळवंडलेल्या पोरालाही दार उघडले. तेव्हा आज आम्ही पोथीतले कोल्हापूर सांगणार नाही. पायांनी वाचलेले सांगू.

वाट सुरू होते कोटीतीर्थाजवळ, शाहू मिलपाशी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली तिचा पाया घातला. आमचे आबा तिथे साचाखात्यात होते. फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन आम्ही गेटापर्यंत धावत असू. घरी आबा सदा ओरडून बोलत, म्हणून लहानपणी आम्हांस वाटे, हा माणूस कायमचा रागावलेला आहे. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, हे कळायला आम्हांला मिशा फुटाव्या लागल्या.

तिथून उमा टॉकीजवरून पश्चिमेला चालत गेले की बिंदू चौक. पाहुणे इथून भवानी मंडपाकडे आणि अंबाबाईच्या दर्शनाला वळतात, वळावेच. पण क्षणभर थांबावे. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे इथे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले, आणि बाबासाहेब तेव्हा हयात होते. मे दिनाच्या मिरवणुकीत आम्हांला खांद्यावर घेऊन आबा म्हणाले होते, "माणूस जित्ता हाय तवरच त्याला मान द्यावा, पोरा. मागनं हार घालून काय उपेग?"

हे वाक्य ऐकूनही आम्ही चुकलो. ती चूक आज इथेच सांगितली पाहिजे.

२००३ साली मिल बंद झाली. आम्ही सभेत छातीठोकपणे सांगितले, "भोंगा पुन्हा वाजेल!" टाळ्या पडल्या. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या साचेवाल्याने ते खरे मानले. रोज पहाटे तो चपला घालून उंबऱ्यावर बसे. वर्षभरात आम्हांला कळून चुकले होते की भोंगा वाजणार नाही. पण त्याला तसे सांगण्याचा धीर झाला नाही. आम्ही गल्लीच बदलून जाऊ लागलो. तो वाट पाहतच गेला. कामगाराला हरणे सोसते, बंधूंनो. फसवणूक सोसत नाही, मग ती मायेपोटी का असेना.

६ मे २०२२ रोजी, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सारे कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. आम्हीही रस्त्यात उभे होतो. एके काळी भोंगा झाला की आमचा भाग चालू लागे. त्या दिवशी त्याच रस्त्यावर सगळे थांबले होते. त्या शांततेत आम्हांला तो उंबरा दिसत होता.

म्हणून एवढीच विनंती. वाडे, वेशी, तळी दाखवाच. पण पोराबाळांचे बोट धरून गल्लीतल्या एखाद्या थकलेल्या गिरणीवाल्याकडेही जा. जरा मोठ्याने बोला, त्यांना कमी ऐकू येते. त्यांना पुढे घालून शहर हिंडा. ते आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.